संगणकात कुणी शिरलंय का?

मैत्रिणींनो, ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरी फुटली नाही. चोर शिरले ते संगणकातून.

मग गटाचा हिशोब असलेल्या आपल्या घरच्या संगणकाचं काय? तिथं दार बहुधा आपणच उघडतो. "बँकेतून बोलतोय, एनीडेस्क घ्या, त्यातला नंबर सांगा," असा फोन येतो. एनीडेस्क मुळात दुरुस्तीवाल्यांच्या सोयीचं. पण नंबर सांगून परवानगी दिली की आपली स्क्रीन त्याला दिसते, माऊसही त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडताहेत? कधी नुसता माऊसच बिघडलेला असतो. तरी आम्ही म्हणू, शंका आली की आधी इंटरनेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, खात्रीच्या मोबाइलवरून. त्याच संगणकावर बदललात तर नवी किल्लीही चोराच्याच हातात. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० ला फोन करा, बँकेलाही कळवा. घरचे काय म्हणतील म्हणून थांबू नका. तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात सरकतात.