'नोआ' आणि आपलं 'नुसतं'

आज एका छोट्या शब्दाची ओळख करून घेऊ. शब्द आहे 'नोआ'. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या भाषेतला.

हा शब्द क्रियापदाच्या मागोमाग येतो आणि काम कसं झालं ते सांगतो. 'हाएरे' म्हणजे जाणं. 'हाएरे नोआ' म्हणजे काही न ठरवता, असंच फिरणं. 'होआतु' म्हणजे देणं. 'होआतु नोआ' म्हणजे मोबदला न घेता देणं. 'नोआ इहो' म्हटलं की अर्थ होतो फक्त, नुसतं. पत्राच्या शेवटी 'नाकु नोआ, ना' असं लिहून खाली नाव घालतात. म्हणजे 'हे आपलं माझ्याकडून'. आपण 'आपली नम्र' लिहितो, तसंच.

आपण सहज, उगाच, असंच, फुकट, नुसतं असे वेगवेगळे शब्द वापरतो. तिथे बरंचसं काम एकटा 'नोआ' करतो. या सगळ्या अर्थांत धागा एकच: अट नाही, अडवणूक नाही.

हा धागा त्यांच्या चालीरीतींतही दिसतो. जे पवित्र, ज्याला बंधन, ते 'तापु'. जे रोजचं, सगळ्यांना मोकळं, ते 'नोआ'. दफनभूमीतून बाहेर पडताना हातांवर पाणी घेतात, ते पुन्हा 'नोआ' होण्यासाठी. पाहुण्यांच्या स्वागताचा विधी एकत्र जेवून संपतो, तोही त्यासाठीच. नवं सभागृह उघडताना अनेक ठिकाणी मानाची एखादी स्त्री पहिल्यांदा उंबरठा ओलांडते. मग ती वास्तू सगळ्यांना मोकळी होते.

ही भाषा सहज टिकलेली नाही. एके काळी शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांना मार बसायचा. 1972 साली भाषेसाठी हजारो सह्यांचा अर्ज संसदेत गेला. 1982 मध्ये 'कोहांगा रेओ' म्हणजे 'भाषेचं घरटं' या नावाच्या बालवाड्या सुरू झाल्या. तिथे आज्या लहानग्यांशी माओरीतच बोलू लागल्या. 1987 मध्ये माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला.

आता आपल्याकडे वळू. गटाच्या बैठकीत ओळख सांगताना किती जणी म्हणतात, "मी काही करत नाही, नुसती घरीच असते." त्याच बाईच्या दिवसात धारा काढणं असतं, खुरपणी असते, पाणी भरणं असतं, सासूबाईंचं औषधपाणी असतं. 'नुसती' या एका शब्दाखाली हे सगळं झाकलं जातं. मग कर्जाच्या अर्जावर व्यवसायाचा रकाना आला, की पेन तिथेच अडतं.

'नोआ'मध्ये 'नुसतं' आहे, तसं 'मोकळं'ही आहे. आपल्या 'नुसती'मध्ये मात्र आपण स्वतःला लहान करतो. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीने 'नुसती' हा शब्द न वापरता आपली ओळख सांगावी. सचिव ताईंनी ती इतिवृत्तात जशीच्या तशी लिहून घ्यावी. अर्ज भरायच्या वेळी तोच कागद समोर ठेवा.