आर्थिक विचारपद्धतीचे अध्यापन : मुंबईतील भाडे नियंत्रणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यास मागणीचा नियम मुखोद्गत असतो. परंतु प्रत्यक्ष प्रश्नास तो लावता येतोच असे नाही. लिओनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची व्याख्या अमर्यादित गरजा व पर्यायी उपयोगाची मर्यादित साधने यांच्या संबंधातून केली. या व्याख्येचा गाभा 'निवड' हा आहे. निवडीचा विचार कसा करावा, हे मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

पार्श्वभूमी :
१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जोडले. भाडेकरूंचे संरक्षण हा त्यामागील हेतू होता.

विश्लेषण :
१) प्रेरणा : भाडे स्थिर राहिले, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. परिणामी दुरुस्ती करण्याची मालकाची प्रेरणा क्षीण झाली. अखेर १९६९ मध्ये शासनास कायदा करून उपकर आकारणी व दुरुस्ती मंडळाची व्यवस्था करावी लागली.

२) संधी खर्च : अल्प भाड्याची जागा सोडणे म्हणजे तो लाभ गमावणे होय. म्हणून गरज बदलली तरी भाडेकरू जागा सोडण्यास तयार होत नाही.

३) किमतीचे रूपांतर : कायद्याने भाडे रोखले तरी टंचाई नाहीशी होत नाही, तिचे मूल्य 'पागडी'च्या रूपाने व्यक्त होते.

४) अदृश्य परिणाम : फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये दृश्य व अदृश्य परिणामांतील भेद मांडला. येथे राहत्या भाडेकरूचा लाभ दिसतो. जागेच्या शोधात शहरात नव्याने येणाऱ्याची हानी दिसत नाही.

मर्यादा :
मुंबईतील घरटंचाईचे सर्व खापर या कायद्यावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. जमिनीची मर्यादा, बांधकामविषयक नियम व स्थलांतर हे घटकही विचारात घ्यावे लागतात. 'इतर परिस्थिती कायम असताना' या शब्दांचा खरा अर्थ येथे उमगतो. तसेच 'काय घडते' व 'काय घडावे' हे प्रश्न भिन्न आहेत. गिरणगावातील कुटुंबाच्या निवाऱ्याची सुरक्षितता किती मोलाची, याचे उत्तर मागणीवक्र देत नाही. ती सुरक्षितता कोणाच्या खर्चाने मिळते, एवढे तो दाखवितो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली व पागडीस कायदेशीर मान्यता दिली.

निष्कर्ष :
अध्यापकाने व्याख्येपूर्वी असा प्रश्न मांडून 'मग पुढे काय होईल?' असे विचारत राहिल्यास सिद्धांत हे पाठांतराचे ओझे न राहता विचाराचे साधन बनते. परीक्षेनंतर व्याख्या विस्मरणात गेल्या तरी नागरिक म्हणून धोरणांकडे पाहण्याची ही दृष्टी विद्यार्थ्याजवळ उरते.