तारेपासून तोडलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे जगभरचे संगणक ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रामने निकामी केले होते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला होता. पडद्यावर मागणी होती ३०० डॉलरच्या बिटकॉइनची.

रॅन्समवेअर, म्हणजे असं खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, फायली जागेवरच ठेवतं, पण वाचता येणार नाहीत अशा करून. आत शिरतं ते बहुतेकदा ईमेलला जोडलेल्या फाईलमधून, सोप्या पासवर्डमुळे किंवा अपडेट न केलेल्या विंडोजमधून. मग संगणकातच एक किल्ली तयार करून तिने भराभर फायली बंद करतं आणि ती किल्ली हल्लेखोरांच्या दुसऱ्या किल्लीने कुलूपबंद करतं. ते कुलूप उघडणारी तिसरी किल्ली हल्ल्याच्या वेळी आपल्या संगणकावर येतच नाही. म्हणून अँटिव्हायरसने नंतर प्रोग्राम पुसला तरी फायली बंदच राहतात.

नॉटपेट्यात तर पैसे घेऊन डिस्क उघडून देण्याची सोयच नव्हती. पडद्यावरचा ओळख क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता, त्यावरून हल्लेखोरांनाही किल्ली काढता आली नसती. पैसे भरणाऱ्यालाही डिस्क उघडून मिळणं शक्य नव्हतं. पैसे भरून सुटका होईल या आशेवर कुणी राहू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

विंडोजमधली नॉटपेट्याने वापरलेली भेग बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. पण नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही उचलायचा, त्यामुळे अपडेट न केलेलं एक यंत्र अपडेट केलेल्या शेजाऱ्यांनाही बुडवायचं. रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरू नये, ते यासाठीच.

मर्स्कच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या अनेक प्रती होत्या, पण त्या नेटवर्कवरून एकमेकींशी जुळवून घेत असल्यामुळे एकदमच गेल्या. उरली फक्त घानातली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे ती नेटवर्कपासून तुटली होती.

घरी किंवा दुकानातही एक प्रत अशीच तोडलेली ठेवायची. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायची आणि लगेच डिस्क काढून ठेवायची. आपोआप सिंक होणारं क्लाउड फोल्डर पुरत नाही, बंद झालेल्या फायली तिथेही पोचतात. अधूनमधून त्या डिस्कवरची एखादी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी. मागणीचा संदेश दिसलाच, तर आधी नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. संगणक पूर्ण साफ होईपर्यंत ती डिस्क त्याला जोडू नका.