एक नाव, अनेक माणसे

आपल्या मराठी माणसाचे नाव तीन मजली असते. वरच्या मजल्यावर तो स्वतः, मधल्या मजल्यावर त्याचे वडील आणि तळमजल्यावर सारे कूळ. एवढी भक्कम इमारत उभी केल्यावर एका माणसाची दुसऱ्याशी गफलत होऊ नये अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र गफलत होते, आणि ती वारंवार होते. जुन्या ग्रंथांच्या याद्या चाळताना, घरोघरचे रुमाल सोडताना मला तिचे इतके नमुने आढळले की त्यांतले थोडे वाचकांपुढे ठेवावेत असे वाटले.

गफलतीचे मूळ आपल्या चालीरीतींतच आहे. आजोबा निवर्तल्यावर घरात पहिला नातू जन्मला की त्याला आजोबांचे नाव द्यावयाचे, ही जुनी रूढी. म्हणून हरीचा मुलगा नारायण आणि नारायणाचा मुलगा पुन्हा हरी, अशी माळ चालू राहते. तीन भावांना एकेक मुलगा झाला तर एकाच वेळी एकाच वाड्यात दोन-तीन हरी नांदू शकतात. या चालीमुळे वाचक कसा फसतो याचे उत्तम उदाहरण आपल्या कादंबरीवाङ्मयातच आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणारे ते हरि नारायण आपटे, आणि 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे ते नारायण हरि आपटे. नावे पाहून कोणीही म्हणेल की हे पितापुत्र. परंतु तसे ते नव्हते. हरिभाऊ 1864 सालचे. पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार पाहणारे, 'करमणूक' चालविणारे. नारायणराव 1889 सालचे. त्यांच्या कादंबरीवर प्रभात कंपनीने 1937 साली 'कुंकू' हा बोलपट काढला. कादंबरीचा वारसा एकाकडून दुसऱ्याकडे आला असेल तर तो वाचनातून. रक्ताच्या नात्याने नव्हे.

दुसरी चाल लाडक्या नावांची. सासऱ्याचे नाव सुनेने तोंडातून काढावयाचे नाही, आणि मुलाचे नाव तर तेच! मग त्या मुलाला बाळ, नाना, अण्णा, बापू असे काहीतरी म्हणावयाचे, आणि तेच नाव जन्मभर चिकटते. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. जगाने ओळखले ते बाळ म्हणून. आता गंमत अशी की 'बाळ गंगाधर' नावाचे तीन थोर पुरुष महाराष्ट्राला लाभले, आणि तिघेही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. पहिले बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर, जन्म 1812, गाव पोंभुर्ले. 1832 साली 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणारे. दुसरे 1856 साली जन्मलेले टिळक. कायद्याची पदवी घेऊनही वकिली न करता शाळा आणि वृत्तपत्र यांत शिरलेले. तिसरे 1888 साली जन्मलेले बाळ गंगाधर खेर. मुंबईचे सॉलिसिटर, 1937 साली मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री. एक शास्त्री, एक संपादक, एक सॉलिसिटर. आडनाव पुसले तर तिघांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कर्तृत्वाचा एकच गोळा होईल.

येथवर सारे गमतीचे वाटते. पण या गमतीत कोणाचे तरी श्रम बुडतात, तेव्हा ती गंमत राहत नाही. राजवाडे बंधूंचे पाहा. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे कोणाला ठाऊक नाहीत? मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधीत ते गावोगाव पायपीट करीत हिंडले, त्या साधनांचे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले, आणि 1926 साली धुळ्यास देह ठेवला. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक, आणि व्यासंग वेदविद्येचा. यास्काचे निरुक्त त्यांनी मराठीत आणले; ते भाषांतर 1935 साली पुण्यास प्रसिद्ध झाले. आता हे दोघेही इंग्रजी आद्याक्षरांत 'व्ही. के. राजवाडे', मराठीतही 'वि. का.' आणि 'वै. का.' यांत एका मात्रेचे अंतर. निरुक्ताचे भाषांतर इतिहासाचार्यांच्या नावावर घालणारे लोक मला भेटले आहेत. इतिहासाचार्यांची कीर्ती एवढी मोठी की तिच्यात आणखी एक ग्रंथ सहज मावतो. पण थोरल्या भावाच्या पदरात जे आहे, ते तेवढ्यानेच कमी होते. मोठ्या झाडाखाली रोप खुरटते, तशातला हा प्रकार; आणि त्यात झाडाचा काही दोष नसतो.

आपल्या बडोद्याकडे वळू. येथल्या कॉलेजात पाली शिकविणारे प्राध्यापक चिंतामण विनायक जोशी, आणि ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीशाच्या पदापर्यंत पोचलेले चिंतामण विनायक वैद्य. दोघेही चिंतामण विनायक, दोघेही संस्थानी चाकरीतले, दोघेही ग्रंथकार. वैद्यांनी महाभारताची चिकित्सा केली, मध्ययुगीन हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, 1908 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. जोशांनी 1916 साली इंग्रजीत पालीचे पाठ्यपुस्तक केले आणि पुढे चिमणराव व गुंड्याभाऊ यांना जन्म देऊन साऱ्या मराठी घरांना हसविले. त्यांत भर म्हणजे दीघनिकाय मराठीत आणणारे चिंतामण वैजनाथ राजवाडे. इंग्रजी यादीत तिघेही 'सी. व्ही.' होऊन बसतात! जोशांच्या बाबतीत उलटाही प्रकार घडतो. पालीचे पंडित जोशी आणि चिमणरावाचे जनक जोशी ही दोन निरनिराळी माणसे असावीत, असे समजणारे सद्गृहस्थही आहेत. जातककथांत रमणारा माणूस चिमणरावाची फजितीही लिहू शकतो, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणजे नाव कधी दोघांना एक करते, तर व्यवसाय एकाचे दोन करतो.

नाव बदलण्याचा आणखी एक राजमार्ग म्हणजे दत्तकविधान. कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे चिरंजीव गोपाळराव 1875 साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसले आणि सयाजीराव झाले. पित्याच्या जागी खंडेराव महाराजांचे नाव आले. राजघराण्यात याची नोंद इतिहासच ठेवतो. साध्या घरात दत्तक गेलेल्या मुलाची नोंद कोण ठेवणार? दोन पिढ्यांनंतर जन्मदात्याच्या वंशावळीत तो मुलगा नाहीसा होतो आणि दत्तक घरी एक अनोळखी पूर्वज वाढतो.

आमच्या घरचेच सांगतो. चार पिढ्यांत दोन गणेश रामचंद्र झाले. थोरले वहिवाटदार, त्यांची पगडी, त्यांचा रुबाब, त्यांच्या न्यायाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. धाकटे, म्हणजे त्यांचे नातू, खानगी खात्यात कारकून; त्यांच्याविषयी कोणी बोलत नसे. घरात एक जाड बाडबंद वही आहे. तीत सणवार, भाव, लग्नकार्ये, प्लेगाच्या दिवसांतले हाल, सारे वळणदार मोडीत टिपलेले. अखेरीस सही 'गणेश रामचंद्र'. वही अर्थातच वहिवाटदारांची, असे सर्व धरून चालले होते. मी ती सावकाश वाचली. प्लेग शहरात आला त्याच्या आधीच वहिवाटदार वारले होते. वही कारकुनांची होती. ज्यांनी घराचा इतिहास राखला त्यांचे नाव घरात होते, पण ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

जुने लेखनिक या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होते. मोडी कागदांत नावापुढे 'बिन' घालून बापाचे नाव, मग आडनाव, मग गाव, आणि बहुधा हुद्दा, एवढे आल्याशिवाय माणूस पुरा होत नसे. कारण त्या कागदावर वतन, इनाम, वेतन अवलंबून असे. आपण मात्र आद्याक्षरांवर भागवू लागलो. पु. य. देशपांडे यांना 1962 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पु. ल. देशपांडे यांना 1965 साली. दोघेही पुरुषोत्तम, एक नागपूरचे तत्त्वचिंतक कादंबरीकार, दुसरे सर्वांचे लाडके. मध्ये अंतर एका अक्षराचे. आज ते अक्षर आपण ओळखतो. शंभर वर्षांनी ओळखणारा असेलच असे नाही.

म्हणून दूरदेशी स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घरांना एक विनंती आहे. गाव सुटले, मोडी सुटली. आता नावे तरी सुटू देऊ नयेत. भिंतीवरच्या तसबिरीमागे, वंशावळीच्या कागदावर, पोथीच्या पहिल्या पानावर माणसाचे पुरे नाव लिहावे. त्यापुढे तो काय शिकला, कोणत्या खात्यात होता, त्याच्या हातून काय झाले हे एका ओळीत लिहावे. वहिवाटदाराचे लिहावे तसेच कारकुनाचेही लिहावे. नाव आजोबांकडून उसने मिळते. काम मात्र ज्याचे त्याचे असते, आणि ते ज्याच्या त्याच्या पदरी घालणे हे मागे राहिलेल्यांचे देणे आहे.