रुग्णाभ्यंगाविना गेलेल्या आप्तांविषयी

९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण आढळले. पुढे टाळेबंदीत चर्च बंद झाली. विलगीकरण कक्षांतील अनेक रुग्णांपर्यंत धर्मगुरूंना पोहोचता आले नाही. 'आमच्या माणसाला रुग्णाभ्यंग संस्कार लाभला नाही, त्याच्या आत्म्याचे काय?' हा सल काही कुटुंबांना आजही बोचतो.

ख्रिस्तसभेने याचे उत्तर २० मार्च २०२० च्या व्हॅटिकन आदेशपत्रात दिले आहे. संस्कार मिळणे अशक्य असल्यास, अंतःकरणाची योग्य तयारी असलेल्या व आयुष्यात प्रार्थना करीत आलेल्या मरणासन्न भाविकाला पापाच्या दंडातून पूर्ण मुक्ती लाभते. परमेश्वराने तारण संस्कारांशी जोडले आहे. परंतु तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, निश्चिंत मनाने आपल्या मृतांसाठी मिस्साबली अर्पण करावा.