पहिल्यांदाच क्रूझवर जायचंय? पैसे भरायच्या आधी एवढं समजून घ्या

नाशिक : "मुंबई ते गोवा क्रूझ, दोन रात्री, खाणं-पिणं फुकट" असे मेसेज हल्ली गावागावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. निफाड-दिंडोरीचे बागायतदार, नोकरदार मुलांचे आई-बाप, लग्नाचा २५ वा वाढदिवस करणारी जोडपी यांच्यात क्रूझची चौकशी वाढली आहे. पण जहाजाचा प्रवास आपल्याकडे फारसा कुणी केलेला नसल्याने नक्की किती खर्च येतो, जेवण कसं असतं, भीती वाटते का, हे सांगणारं माणूस मिळत नाही. म्हणून ही माहिती.

क्रूझ म्हणजे नक्की काय?

मुंबई-गोवा जहाज आपल्याला नवीन नाही. जुन्या लोकांना 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी आठवत असतील. भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकणातली बंदरं घेत त्या गोव्याला जायच्या. ती एसटीसारखी वाहतूक होती, गावी पोहोचणं हा हेतू. क्रूझमध्ये जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण असतं. तरंगतं हॉटेल म्हणा ना. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली होती, ती पुढे बंद पडली.

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सुटू लागलं. हे जहाज १९९० सालचं, आधी परदेशात चालायचं. ११ मजले आणि सुमारे ८०० खोल्या. आपल्या तालुक्याच्या एखाद्या लहान गावाएवढी माणसं एका वेळी त्यात मावतात.

कोणती सहल निवडायची?

जाहिरातीत साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, मुंबई–हाय सी–मुंबई. हा प्रकार नीट वाचा. यात जहाज समुद्रात जाऊन परत येतं, कुठेही जमिनीवर उतरवत नाही. काही जण पैसे भरून बसतात आणि मग विचारतात, "गोवा कधी येणार?"

दुसरा, मुंबई–गोवा. जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागतं. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर. उतरून फिरता येतं, पण परत यायची वेळ ठरलेली असते. जहाज कुणासाठी थांबत नाही.

तिसरा, कोची किंवा लक्षद्वीपची जास्त रात्रींची सहल. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं आधी द्यावी लागतात. तिथे मोठं जहाज काठाला लागत नाही. समुद्रातच छोट्या बोटीत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना ते अवघड जातं, हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन रात्रींचीच सहल घ्यावी. मानवली तर पुढच्या वेळी मोठी.

कधी जायचं?

इथे शेतकऱ्याची खरी अडचण आहे. मुंबईहून क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर ते उन्हाळा असा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जहाज दुसरीकडे नेतात. नेमकं त्याच काळात द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळ कांदावाल्याचंही मार्च-एप्रिलमध्ये तेच. त्यामुळे माल निघाल्यावर, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला वेळ काढता येतो. शाळेलाही सुट्टी असते. मात्र दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवारी दर चढे असतात. आठवड्याच्या मधल्या तारखा बघा.

आणखी एक. अवकाळी, गारपीट, मजूर न मिळणं, काहीही होऊ शकतं. म्हणून बुकिंग करताना आधी हे विचारा : तारीख बदलता येते का? रद्द केलं तर किती दिवस आधी किती पैसे कापतात? निघायची तारीख जवळ आली की बहुतेक वेळा हातात काहीच परत येत नाही.

खर्चाचा खरा हिशेब

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघं राहतील असं धरून काढलेला असतो. एकटा माणूस गेला तर बहुधा दोघांचं भाडं पडतं. त्यावर बंदराचं शुल्क, कर्मचाऱ्यांची टीप आणि जीएसटी वेगळा. मुलांना भाड्यात सूट मिळाली तरी हे वरचे पैसे त्यांनाही लागू शकतात.

समजा, जाहिरातीत माणशी २० हजार लिहिलंय. नवरा-बायकोचे ४० हजार. दोन मुलांचे सवलतीत १० हजार धरले तरी २० हजार. झाले ६० हजार. बंदर शुल्क, टीप, कर मिळून १८ हजार धरा. मुंबईला जाणं-येणं, गोव्यात फिरणं, जहाजावर मुलांचं थंडगार काही, यासाठी १२ हजार. एकूण ९० हजार. कांद्याला क्विंटलला १५०० रुपये भाव धरला तर हा ६० क्विंटल कांदा झाला. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण हिशेबाची रीत हीच. एजंटला सरळ म्हणा, "सगळं धरून शेवटचा आकडा लिहून द्या."

उसने किंवा पीककर्जाचे पैसे यात घालू नका. सहल एक वर्ष पुढे गेली तरी समुद्र तिथेच आहे.

खोली कोणती घ्यावी?

आतली खोली सर्वात स्वस्त. तिला खिडकी नसते, दिवा घालवला की दिवसाही काळोख. दुसरी, काचेच्या खिडकीची. ती उघडत नाही, पण समुद्र दिसतो. तिसरी, बाल्कनीची, महाग. दिवसभर बहुतेक लोक वर डेकवरच असतात, त्यामुळे झोपण्यापुरती आतली खोली पुष्कळांना चालते. ज्यांना बंद जागेत कोंडल्यासारखं होतं, त्यांनी खिडकीचीच घ्यावी.

उलटीची भीती असेल तर जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा. झोपाळ्याच्या टोकापेक्षा मध्ये कमी हलतं, तसंच हे.

जेवण, दारू, कॅसिनो

रोजचा नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण भाड्यात येतं. शाकाहारी मिळतं, जैन जेवणही मिळतं, ते बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. भाकरी-ठेच्याची अपेक्षा ठेवू नका. घरचं खाणं नेण्यावर बंधनं असतात. लहान बाळाचं किंवा पथ्याचं खाणं असेल तर आधी विचारून घ्या.

"खाणं-पिणं फुकट" यातल्या 'पिणं' शब्दावर जाऊ नका. दारू, शीतपेयं, स्पा, काही कार्यक्रम, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे सहसा वेगळे. जहाजावर एक कार्ड देतात. तेच खोलीची चावी आणि तेच पाकीट. कार्ड दाखवलं की पैसे खात्यावर चढतात, नोट हातातून जात नाही, म्हणून खर्च कळत नाही. रोज रात्री काउंटरवर हिशेब विचारा. मुलांच्या कार्डवरून खरेदी बंद ठेवायला सांगा.

कॅसिनोही असतो. पाय त्या दिशेला वळण्याआधीच घरात ठरवून घ्या. हंगामाचा पैसा एका रात्रीत उडवायला तेवढं एक टेबल पुरेसं असतं.

बाकी पोहण्याचा तलाव, गाणी-नाच, जादूचे खेळ, मुलांची खेळायची जागा यात दिवस कसा जातो कळत नाही. पहाटे लवकर उठायची सवय असलेल्या आपल्या लोकांचा एक फायदा आहे. समुद्रातला सूर्योदय रिकाम्या डेकवर बघायला मिळतो, बाकीचे झोपलेले असतात.

बुडण्याची भीती

ही भीती खोटी म्हणता येणार नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. क्रूझचं जहाज या बोटींपेक्षा कितीतरी मोठं असतं आणि त्याला आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम लागू असतात.

तरी मोठं जहाजही चुकतं. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, ३२ जण दगावले. तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. आता सराव जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यावा लागतो. लोक हा सराव टाळून फोटो काढत बसतात. तुम्ही तसं करू नका. लाइफ जॅकेट कुठे आहे, जमायची जागा कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे मुलांना पाठ करून द्या.

पोट साथ देईल का?

हे आधी स्वस्तात तपासता येतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, साधारण तासाभराचा प्रवास. मुंबईला कामानिमित्त गेलात तर एक फेरी मारून बघा. त्रास झाला तर क्रूझआधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. ती निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नका, तडस लागेल इतकं खाऊही नका. मळमळलं तर मोबाइल बाजूला ठेवून लांब क्षितिजाकडे बघा.

बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी लागते. सहा महिन्यांखालची बाळं आणि २४ आठवड्यांपुढच्या गरोदर बायकांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

निघताना

नाशिकरोड, निफाड, लासलगावकरांना पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी सोपं पडतं. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जवळच. चढायची वेळ संपली की गेट बंद होतं, म्हणून हाताशी दोन-तीन तास ठेवा. आधार किंवा मतदान कार्ड मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. विमानतळासारखी तपासणी होते. चाकू, लायटर, बाहेरची दारू नेऊ नका.

किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाऊन मोठं बिल येऊ शकतं. घरी वीज, मोटार, जनावरं बघणाऱ्याला सगळं आधीच सांगून ठेवा.

फसवणुकीपासून सावध

"तुम्हाला मोफत क्रूझ लागली आहे" असा फोन आला तर ठेवून द्या. कुणाच्या खासगी यूपीआय नंबरवर पैसे टाकू नका. कंपनीच्या नावाच्या खात्यावरच भरा, पावती आणि बुकिंग नंबर घ्या आणि तो नंबर कंपनीच्या अधिकृत कस्टमर केअरला फोन करून पडताळा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

१. जहाज कुठे उतरवणार, की फक्त समुद्रात फिरवणार?
२. सगळे कर-शुल्क धरून शेवटचा आकडा किती?
३. खोली कोणती, कितव्या मजल्यावर?
४. तारीख बदलली किंवा रद्द केली तर किती कापणार?
५. कोणत्या गोष्टींचे पैसे जहाजावर वेगळे लागतील?

उत्तरं तोंडी घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. जो एजंट लिहून द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे बुकिंग करू नका.