जागेवर उभी डिझेल गाडी तासाला किती डिझेल पिते?

लाँग वीकेंड, खंडाळा घाट, पुढे गाड्यांची न हलणारी रांग. इंजिन सुरू, एसी सुरू. ‘डिझेल गाडी आहे, उभ्या उभ्या कितीसं खाणार? बंद करून पुन्हा सुरू केली तर उलट जास्त जाईल,’ असे स्टिअरिंगमागून ऐकू येते. यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसरे आता खरे राहिलेले नाही.

नेमके किती जळते?

दीड ते दोन लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन गरम झाल्यावर एसीशिवाय नुसते सुरू ठेवले, तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल लागते. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर येतो आणि हा आकडा आणखी वाढतो.

पेट्रोल गाडीपेक्षा हे कमीच. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे प्रमाण साधारण १४.७ ला १ असे सांभाळावे लागते. डिझेल इंजिनावर ते बंधन नाही. भरपूर हवेत अगदी थोडे डिझेल फवारले तरी ते पेटते. म्हणूनच डिझेल गाडी उभी असताना ‘कमी पिते’ ही समजूत रुजली.

पण कमी म्हणजे फुकट नव्हे. तासाला ०.६ लिटर धरा. रोज सिग्नलवर, शाळेच्या गेटबाहेर, कुणाची तरी वाट पाहताना मिळून २० मिनिटे गेली, तर २०० मिली डिझेल संपते. वर्षाच्या ३०० दिवसांत ६० लिटर. ९० रुपये लिटरने ५,४०० रुपये, तेही एक किलोमीटर न जाता.

मग बंद करण्याची भीती कुठून आली?

जुन्या जीप आणि टेम्पोंमधून. सकाळी आधी हीटर लावायचा, थोडे थांबायचे, मग स्टार्टर मारायचा. एकदा सुरू झालेले इंजिन बंद करायला चालक धजावत नसत, आणि ते बरोबरही होते. आजचे कॉमन रेल इंजिन गरम असेल तर क्षणात सुरू होते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या सांगण्यानुसार, १० सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन चालू ठेवण्यातच जास्त इंधन जाते.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक दुखणे

एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळायला तो साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. उभ्या गाडीचा धूर त्या मानाने थंडच. तासन् तास इंजिन नुसते सुरू ठेवले की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गॅरेजचे बिल वाचवलेल्या स्टार्टरपेक्षा कितीतरी मोठे येते.

दोन अपवाद मात्र आहेत. घाट चढून किंवा बराच वेळ वेगात येऊन थांबल्यावर टर्बो निवण्यासाठी मिनिटभर इंजिन सुरू ठेवावे. आणि रांग मुंगीच्या पावलाने का होईना सरकत असेल, तर उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेऊ नये. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते, स्टिअरिंगही जड होते. रांग पूर्ण थांबली असेल तर आधी हँडब्रेक ओढावा, मग चावी फिरवावी.